स्टॉकहोमला निघण्याआधी

प्रिय भाचीस,

केटीएचला, म्हणजे स्टॉकहोमच्या तंत्रज्ञान विद्यापीठात, तुझी निवड झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं आणि दिवसभर मन हलकं होतं. तिथं राहायला नेमकं काय जड जातं, असं तू विचारलंस. सगळे थंडीचंच नाव घेतील. अंगाशी लोकरीचा थर आणि वर वारा अडवणारं जाकीट असलं की थंडी निभून जाते. जड जातं ते वेगळंच. स्टॉकहोममध्ये आपण होऊन कुणी तुझी चौकशी करायला येत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यात न विचारता डोकवायचं नाही, हा तिथला शिष्टाचार आहे. पुण्यात तू दोन दिवस कॉलेजात दिसली नाहीस तर मैत्रिणी घरी येऊन धडकतात. तिथं आठवडा उलटला तरी शेजारच्या खोलीतली मुलगी दार वाजवणार नाही. तिच्या मनात तुझ्याविषयी अढी आहे असं समजू नकोस. तू जाऊन विचारलंस तर तीच मुलगी हातातलं काम बाजूला ठेवून मदत करेल. म्हणून विचारायला संकोचू नकोस. बाकी जे लिहिते आहे ते सगळं यालाच धरून आहे.

आधी खोलीचं बघ. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून फी भरावी लागते, आणि फी भरणाऱ्यांसाठी विद्यापीठाची स्वतःची राहण्याची सोय असते. त्या अर्जाची मुदत चुकवू नकोस. त्याच आठवड्यात विद्यार्थी संघटनेचं सदस्यत्व घेऊन एसएसएसबीच्या रांगेतही नाव घाल. शहरातल्या हजारो विद्यार्थी-खोल्या या संस्थेकडे आहेत आणि तिथं वशिला चालत नाही. रांगेत जितके दिवस जमा, तितका हक्क पुढे. दुसऱ्या वर्षी खोली बदलायची वेळ येईल तेव्हा हेच दिवस कामी येतील. पोटभाडेकरू म्हणून घर घ्यायची वेळ आलीच, तर करार हातात आल्याशिवाय आणि खोली कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक क्रोनाही पाठवू नकोस. घरमालक घाई करत असेल तर तो व्यवहार सोडून दे.

पोचल्यावर पहिलं काम पर्सूननुम्मरचं, म्हणजे तिथल्या ओळख क्रमांकाचं. वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्यांना तो कर खात्याच्या कार्यालयातून, स्कात्तेवर्केतमधून मिळतो. त्याच्यामागून ओळखपत्र, बँकेचं खातं, बँकआयडी (ऑनलाइन ओळख पटवायची सोय) आणि मग स्विश (फोनवरून पैसे द्यायची सोय), असं एकामागून एक उलगडत जातं. मधले काही आठवडे तुझं सगळं अडल्यासारखं वाटेल. खूप दुकानं रोख पैसे घेतच नाहीत, म्हणून परदेशात चालणारं कार्ड इथूनच सुरू करून ने.

अभ्यासाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. प्राध्यापकांना तिथं नावानं हाक मारतात. सर, मॅडम कुणी म्हणत नाही, आणि तूही म्हणू नकोस. गटात बसून काम करताना तू गप्प राहिलीस तर तुला सगळं मान्य आहे असंच धरलं जाईल. तुझं मत कच्चं असलं तरी बोल. वेळापत्रकात दहा वाजता लिहिलेलं व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं, ही जुनी प्रथा आहे. परीक्षेची वेळ मात्र नीट वाचत जा. लेखी परीक्षेला बसायचं तर आधी मुदतीत नाव नोंदवावं लागतं, आणि त्याची आठवण करून द्यायला कुणी मागे लागणार नाही. नापास झालीस तर पुन्हा परीक्षा असते, त्याचा बाऊ करू नकोस. पण मैत्रिणीची असाइनमेंट बघून लिहिणं, जे आपल्याकडे सर्रास खपतं, ते तिथं थेट शिस्त समितीपुढे जातं आणि सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं. एकत्र चर्चा किती करायची आणि लिहायचं कुठून एकटीनं, हे प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचार. त्या प्रश्नाचं तिथं कौतुकच होतं.

कॉरिडॉरचं स्वयंपाकघर सामायिक असेल. फोडणी देण्याआधी पंखा लाव, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. फिलम्योल्क नावाचं आंबवलेलं दूध मिळतं, त्याची कढी छान होते. मान्नाग्रून म्हणजे आपला रवा, कुठल्याही दुकानात सापडतो. गोडा मसाला आणि मेतकूट ने. आजी तूप आणि पेढे बांधून देईल, तिला आत्ताच समजावून सांग: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आणि आठवड्यातून एकदा तरी चार माणसांचं जेवण कर. कॉरिडॉरमधल्यांना आठवडाभर आधी तारीख सांगून बोलाव. ऐनवेळी बोलावलंस तर ती अवघडतात. आधी सांगितलंस तर न चुकता वेळेवर येतात.

आता अंधाराचं. डिसेंबरमध्ये पावणेनऊला उजाडतं आणि तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. पहिल्या वर्षी शरीराला हे कळतच नाही. दुपारी बारा-एकच्या सुमाराला रोज बाहेर पड, ढग असले तरी. केटीएचच्या अलीकडचं मेट्रो स्थानक स्टाडिओन. तिथं खडकात कोरलेल्या निळ्या छताखाली १९७३ मध्ये रंगवलेलं इंद्रधनुष्य आहे, कधी मुद्दाम उतरून बघ. डी जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोलून घे. खरा कठीण काळ नाताळचा असतो. चोवीस तारखेला सगळे आपापल्या घरी गेलेले, बरीच दुकानं बंद, आणि जानेवारीतल्या परीक्षा समोर. कोण कोण मागे राहणार आहे हे नोव्हेंबरातच विचारून ठेव आणि त्यांच्याबरोबर बेत आख.

तरीही झोप उडाली, खाणं सुटलं, वर्गात जावंसं वाटेना, असं दोन आठवडे चाललं, तर विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात वेळ घे. रात्री-अपरात्री ११७७ वर नर्स फोनवर बोलते, इंग्रजीतही. जिवावर बेतलं तर ११२. आईला काळजी वाटेल म्हणून लपवू नकोस. तिला सांगायचं धैर्य होत नसेल तर मला फोन कर, किती वाजलेत ते बघू नकोस.

तिकीट काढलंस की तारीख कळव. निवास परवान्याची आणि प्रवेशपत्राची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेव, आणि एक प्रत ताईकडे देऊन जा.

तुझी,
मावशी