बाबांच्या मागे आई (74) नागपूरच्या घरी एकटी आहे. भाऊ म्हणतो, घर आम्हा तिघा भावंडांच्या नावावर करू आणि आईला तीन-तीन महिने आळीपाळीनं ठेवू. हे बरोबर आहे का?

आळीपाळीचं नंतर बघा, आधी घर आईच्या हातून जाऊ देऊ नका. बाबांचं मृत्युपत्र नसेल, घर स्वकमाईचं असेल आणि बाबांची आई हयात नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं (बौद्ध कुटुंबांनाही तोच लागू) आई आणि तुम्ही तिघं, प्रत्येकी पाव हिस्सा.

हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडल्याच्या दस्तावर) आईची सही बहुतेक तेरवी आटोपली की घेतली जाते. एकदा नोंदणी झाली की ते फिरवणं महाकठीण. सोडायचेच तर तुम्ही तिघांनी आपापले हिस्से तिच्या नावे सोडा आणि तिला मृत्युपत्र करू द्या. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही आणि ती ते केव्हाही बदलू शकते. त्यामुळे मुलांचं वागणंही नीट राहतं, कटू असलं तरी. आई हयातीतच घर देऊन टाकणारं बक्षीसपत्र करणार असेल, तर तिला सांभाळण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की प्रकरण तिथंच अडकू शकतं.

फॅमिली पेन्शन तिच्याच खात्यात आणि एटीएम कार्डही तिच्याचजवळ राहू द्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. भांडी घासून बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, मशीन घेत नाही. अशा वेळी मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच दाखला काढा.

आता आळीपाळी. दर तीन महिन्यांनी घर बदललं की डॉक्टर बदलतो, गोळ्यांची चिठ्ठी मागच्या घरी राहते. तिला तिच्याच घरी ठेवून बाई लावा आणि खर्च तिघांत वाटा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा तिला वरच्या मजल्यावर झोपवू नका. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळा लागण्याआधीच डोस डॉक्टरांना दाखवून घ्या. त्या गोळीनं रक्तातलं सोडियम उतरलं की म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागतं आणि घरचे ते वयावर ढकलतात. कुलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. हे काम तिच्यावर सोडूच नका.

हळदीकुंकवाला, लग्नात ओवाळायला तिला पुढे बोलवा. यायचं की नाही, ते ती ठरवेल.