टेन्थ ग्रेडला तीन एपी घ्यायचे आणि सिरॅमिक्स सोडायचं?

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलगी नाइन्थ ग्रेडला आहे, पुढच्या आठवड्यात टेन्थच्या कोर्सेसचा फॉर्म द्यायचाय. आम्ही दोघं भारतात बारावी सायन्स करून आलेलो, तिथे विषय ठरलेलेच असायचे, त्यामुळे इथली ही लांबलचक यादी बघून काही सुचत नाही. तिची जॉमेट्री चालू आहे, मैत्रिणी अल्जिब्रा टू ला पोचल्या. बाबांचं म्हणणं समरमध्ये अल्जिब्रा टू उरकून टाकावं, टेन्थला तीन एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्सेस) घ्यावेत आणि स्पॅनिश, सिरॅमिक्स (मातीकाम) सोडावं. यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला जायचंय. पोरगी रडतेय, काय करू?

उत्तर : आधी तिला सांगा की सिरॅमिक्स सोडायचं नाहीये, मग बाकीचं वाचा.

यूसीला ए-जी नावाचे 15 कोर्सेस लागतात, म्हणजे एकेका वर्षाचे 15. इंग्लिश 4, मॅथ्स 3, इतिहास 2, लॅब सायन्स 2, परकी भाषा 2, कला 1 आणि एक इलेक्टिव्ह, आणि त्यातले 11 ट्वेल्थ सुरू व्हायच्या आत संपलेले हवेत, प्रत्येकात सी ग्रेड किंवा वर. तो कलेचा एक कोर्स सिरॅमिक्समध्ये पूर्ण होऊ शकतो, फक्त शाळेच्या ए-जी यादीत तो आहे ना ते बघून घ्या. स्पॅनिशचंही तसंच, नियम 2 वर्षांचा असला तरी यूसी स्वतःच 3 वर्षं करा म्हणते, मग मध्येच सोडून काय मिळणार?

आता मॅथ्स, कारण खरी काळजी तुम्हाला त्याचीच दिसतेय. नाइन्थला जॉमेट्री, टेन्थला अल्जिब्रा टू, इलेव्हन्थला प्रीकॅल्क्युलस, ट्वेल्थला कॅल्क्युलस, बघा, न पळता तुमची मुलगी कॅल्क्युलसपर्यंत पोचतेच आहे! मैत्रिणी एक वर्ष पुढे असल्या तर असू देत. अख्ख्या वर्षाचं अल्जिब्रा टू समरच्या काही आठवड्यांत कोंबलं की लॉगरिदम वगैरे कच्चं राहतं, आणि कॅल्क्युलसमध्ये मुलं अडखळतात ती बहुतेक वेळा कॅल्क्युलसमुळे नाही, मागच्या अल्जिब्रामुळे. माझ्या मुलाच्या वेळी मी हीच घाई केली होती आणि नंतर प्रीकॅल्क्युलसचं अर्धं वर्ष मागचं शिकण्यात गेलं, त्याचा हिरमुसलेला चेहरा अजून आठवतो. शिवाय समरमधला ग्रेडही यूसीच्या जीपीएमध्ये (ग्रेड्सच्या सरासरीत) धरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाइन्थनंतरच्या समरपासून इलेव्हन्थनंतरच्या समरपर्यंतचे ए-जी ग्रेड्स त्यात येतात. म्हणजे तुमचा हिशोब याच समरपासून सुरू होतोय.

एपीचं म्हणाल तर यूसीच्या नेहमीच्या जीपीए हिशोबात एपी, ऑनर्सचा (नेहमीपेक्षा अवघड कोर्सेसचा) जास्तीचा पॉइंट जास्तीत जास्त 8 सेमिस्टर्सना मिळतो आणि त्यातली टेन्थची फक्त 4, म्हणजे दोनच वर्षभराचे कोर्सेस. तिसऱ्या एपीला तिथे जादा पॉइंट नाही, अभ्यास मात्र तेवढाच, आणि मे महिन्यात परीक्षा. कोर्सेस किती अवघड घेतले हे कॉलेजं बघतात हे खरंय, पण तुमच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि त्यातलं तिने काय घेतलं असं बघतात, शेजारच्या शाळेशी तुलना करून नाही. मी तर टेन्थला एकच एपी घ्या म्हणेन, तिला मनापासून आवडणाऱ्या विषयात, आणि तो झेपला की इलेव्हन्थला वाढवा. आणि बाबांना हेही सांगा की यूसी ॲडमिशनसाठी एसएटी या प्रवेश परीक्षेचे मार्क बघतच नाही, त्यामुळे रोजच्या वर्गातल्या ग्रेडला तिथे जास्तच वजन आहे. तीन एपी घेऊन रात्री एक वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलीचे ते ग्रेड टिकतील का, ते दोघांनी मिळून ठरवा.

काउन्सेलरकडे जाताना तिला सोबत न्या आणि बोलू तिलाच द्या. चारही वर्षांचा कच्चा प्लॅन कागदावर लिहून न्या, ट्वेल्थला मॅथ्स रिकामं ठेवू नका. आणि फॉर्मवर पर्यायी कोर्सेसची जागा असेल तर ती घाईघाईत भरू नका, कारण वेळापत्रकात सिरॅमिक्स बसलं नाही तर तिला तिथे लिहिलेलंच मिळेल, म्हणून तिथे कलेचाच दुसरा एखादा कोर्स लिहा, तिला विचारून.