२.० टीडीआय डिझेल गाडीचा ऑइल पंप बंद पडून इंजिन गेलं. गॅरेज म्हणतं ऑइल वेळेवर बदललं नाही. भांडावं का?

आधी एकच विचारा: ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडून पंपाची षटकोनी दांडी बघितली का?

फोक्सवॅगन समूहाच्या बॅलन्स शाफ्टवाल्या (इंजिनाची थरथर कमी करणारा फिरता दांडा) जुन्या २.० टीडीआय इंजिनांत (पसाट, ऑडी ए४, सुपर्ब) ऑइल पंप बोटभर लांबीच्या षटकोनी दांडीवर फिरतो. दांडीचे किंवा तिच्या खाचेचे कोपरे झिजून गोल झाले, की शाफ्ट फिरतो आणि पंप जागेवरच. डिपस्टिकवर ऑइल पूर्ण, प्रेशर शून्य! मग टर्बो आणि बेअरिंगं जातात. हा दोष जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. गॅरेजला नसेल तर नवलच.

ऑइल खरंच खराब असेल तर पंपाच्या जाळीवर काळा गाळ दिसेल. जाळी स्वच्छ आणि कोपरे गोल असतील, तर त्यांचा मुद्दा लंगडा. त्यामुळे जुने पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. फोटो काढा, सर्व्हिसची बिलं जमवा, बाहेरच्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या.

तुमची कच्ची बाजू वेगळीच: ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागल्यावर गाडी किती चालवली? लगेच बंद करून टो केली असेल तर ती पावती सोन्याची.

वॉरंटी संपली असेल तर कंपनीकडून पूर्ण इंजिन मिळणं कठीण. खर्चात वाटा लेखी मागा. नाहीच ऐकलं तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे तक्रारीची मुदत २ वर्षं.