काँटेसाचं सांगतो, पण आधी त्या 25 लाखांचं बोलू

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका वाचकांचं आहे. मूळचे कोल्हापूरचे, वय 44, चाकणला नोकरी, हातात येणारा पगार 1 लाख 45 हजार. बायको घरीच असते, मुलगी सहावीत. होम लोन 38 लाख बाकी, अजून 15 वर्षं, व्याज 8.6 टक्के, हप्ता साडेसदतीस हजार. एसआयपी 15 हजारांची. आणि दारात 1988 ची काँटेसा, हिंदुस्तान मोटर्सची जुनी सेडान, जी त्यांनी 2014 ला 1 लाख 40 हजाराला घेतली आणि मग तिच्यावर 11 लाख घातले: इंजिन, सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, सीट, रंग, सगळंच. मूळचं 1.8 लिटरचं इसुझू इंजिन उतरवून भंगारात आलेल्या एका जर्मन सेडानचं टर्बो पेट्रोल बसवलंय. बेंगळुरूचा एक जण साडेआठ लाख द्यायला तयार आहे, यांना 15 पाहिजेत, कारण "क्लासिक गाडीची किंमत वाढतच जाते." प्रश्न असा की विकू का थांबू, आणि विकली तर ते पैसे डाउन पेमेंटला घालून 21 लाखांची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेऊ का, वरच्या साडेबारा लाखांचं 7 वर्षांचं लोन काढून.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ. "ईएमआयचं टेन्शन नाही, मार्च 2028 ला गॅरंटीड पॉलिसीचे 25 लाख येणार आहेत, त्यातून कार लोन एकरकमी क्लोज करीन."

अहो, ते 25 लाख येणार नाहीयेत.

तुम्ही सोबत दोन फोटो पाठवलेत ते मी मोठे करून नीट बघितले. पहिला आहे बँकेच्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूचा, त्यावर बॉलपेनने लिहिलंय "2.5 × 5 yr = 25 L", आणि 25 ला दोनदा गोल केलाय. दुसरा फोटो खऱ्या पॉलिसीच्या पानाचा, त्याचा एक कोपरा तुमच्या अंगठ्याखाली गेलाय पण महत्त्वाचं तेवढं दिसतंय: हप्ते भरायची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं, शेवटी 50 लाख. म्हणजे मार्च 2023 ला सुरू झालेली पॉलिसी 2043 ला संपणार, तेव्हा तुम्ही 61 चे असाल. पाच वर्षांत डबल ही गोष्ट फक्त त्या पेनाने लिहिलेल्या कागदावर आहे, पॉलिसीत कुठेच नाही. आणि पेनाने लिहिलेल्याला कोणी बांधील नसतं.

साधा हिशोब करा. दरवर्षी अडीच लाख असे पाच हप्ते भरले की पैसे सरासरी तीनच वर्षं आत राहतात, तीन वर्षांत डबल म्हणजे वर्षाला 24 टक्के (72 ला डबल व्हायच्या वर्षांनी भागलं की ढोबळ व्याजदर निघतो). 24 टक्क्यांची गॅरंटी कोणी देत असेल तर तिथून उठून यायचं, सही करायची नाही. आता पॉलिसीत जे खरंच लिहिलंय ते बघू, 10 वर्षांत 25 लाख भरायचे आणि 20 व्या वर्षी 50 लाख मिळणार. तुमचा एकेक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं आत राहतो आणि डबल होतो, 72 ला साडेपंधराने भागा, साडेचार-पावणेपाच टक्के. ही आहे तुमची गॅरंटी! पीपीएफ 7.1 देतंय तेही टॅक्स-फ्री, आणि तुम्ही स्वतः होम लोनवर 8.6 भरताय. एका हाताने 8.6 ने पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने साडेचारने ठेवायचे, हे तीन वर्षं चाललंय.

मार्च 2028 ला पॉलिसी मोडली तर काय मिळेल तेही त्याच पानावरच्या तक्त्यात आहे, तिसऱ्या वर्षी भरलेल्या पैशांच्या 35 टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षी 50 टक्के. पाच हप्ते म्हणजे साडेबारा लाख, त्याचे निम्मे सव्वासहा. कार लोनचे तेव्हा 9 लाखांच्या आसपास बाकी असतील. म्हणजे ज्या पैशांवर तुम्ही 21 लाखांची गाडी बुक करायला निघालात त्यातून लोनसुद्धा फिटत नाही, आणि भरलेल्यातले सव्वासहा लाख गेलेले असतात ते वेगळेच.

मला तुमचा राग नाही आला, त्या बँकेतल्या मॅडमचा आला. तुम्ही एफडी करायला गेला होतात, असं तुम्हीच लिहिलंय. 41 वर्षांचा माणूस, होम लोन असलेला, घरात एकटा कमावता, समोर बसलाय आणि त्याला टर्म इन्शुरन्सचं एका शब्दाने विचारलं नाही. या पॉलिसीत कव्हर किती, तर 25 लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर ते 25 लाख होम लोनलासुद्धा पुरत नाहीत, वर 13 लाख कर्ज राहतं आणि बायको-मुलीच्या हातात शून्य. गाडीच्या पत्रात तुम्ही टर्बोचं प्रेशर लिहिलंत, टायरची साइज लिहिलीत, पण घरच्यांसाठी कव्हर किती आहे ते मला पॉलिसीच्या फोटोत शोधावं लागलं.

तर क्रम असा. सगळ्यात आधी दीड कोटींचा टर्म प्लॅन, साधा, पैसे परत वगैरे काही नसलेला, वयाच्या 60 पर्यंत. तुमच्या वयाला ढोबळ 35-40 हजार वर्षाला धरा, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी पण नाही. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच पुढची पायरी, तोपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावायचा नाही.

मग येत्या मार्चचा चौथा हप्ता भरायचा नाही. मॅडमचा फोन येईल, म्हणतील आत्ता सोडलंत तर नुकसान होईल. झालेलं नुकसान झालंय, पुढच्या सात हप्त्यांचा हिशोब वेगळा करा: अजून साडेसतरा लाख भरायचे आणि त्याबद्दल 35 लाख जास्तीचे मिळणार, सरासरी 14 वर्षांत डबल, पाच टक्के. पाच टक्क्यांसाठी मी तुम्हाला भरा म्हणणार नाही.

आता मोडायची, म्हणजे सरेंडर, का पेड-अप करायची, म्हणजे पुढचे हप्ते बंद पण पॉलिसी कमी रकमेवर शेवटपर्यंत चालू. कंपनीला मेल टाका आणि दोन आकडे लेखी मागा, चौथ्या वर्षाची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप केल्यास 2043 ची रक्कम. तोंडी नको, मेलवर. सरेंडर चौथ्या वर्षात साडेसातच्या निम्मे, पावणेचार लाख यायला पाहिजे. पेड-अप म्हणजे दहातले तीन हप्ते भरलेत तर फार तर 50 चे 15 लाख. पावणेचारचे 15 व्हायला दोनदा डबल व्हावं लागतं, 17 वर्षांत दोनदा म्हणजे साडेआठ टक्के, जवळपास तुमच्या होम लोनएवढंच. म्हणून पेड-अपचा आकडा 15 च्या बराच खाली आला, आणि या प्लॅनमध्ये तो बहुतेक खालीच येतो, तर डोळे मिटून सरेंडर करा आणि पैसे कर्जात भरा. फ्लोटिंग रेटच्या होम लोनला प्रीपेमेंट चार्ज लागत नाही.

आता गाडी.

मला काँटेसाबद्दल आस्था आहे हे आधीच सांगतो. आमच्याकडे साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी काँटेसा गावात शिरली की आम्ही पोरं क्रिकेट सोडून रस्त्याच्या कडेला जायचो, ते लांब बॉनेट, मागच्या चाकांना जोर, आणि अँबॅसेडरच्या जमान्यात पाच गिअर. गाडी मुळात इंग्लंडच्या वॉक्सहॉल व्हिक्टरवरून घेतलेली, उत्तरपाड्याला बनायची, 1984 पासून 2002 पर्यंत, आणि सुरुवातीला तर अँबॅसेडरचंच इंजिन होतं, इसुझूचं आल्यावर तिच्यात खरा जीव आला. तुम्ही ती शनिवारी पहाटे बोगद्यातून साताऱ्याकडे काढता आणि मुलगी मागे बसते असं लिहिलंय. याची किंमत मी लावणार नाही, ती आहेच.

पण गुंतवणूक म्हणून बघायची तर बघू. 1.4 आणि 11, साडेबारा लाख. पार्किंगचं भाडं, इन्शुरन्स, पार्ट्स, दरवर्षी 50 हजार तरी, म्हणजे वर अजून पाच-सहा लाख. 18 लाख घातले, समोरचा साडेआठ देतोय. क्लासिकची किंमत वाढते ती मूळ स्थितीतल्या गाडीची, ज्यात इंजिन नंबर, चॅसी नंबर, रंग सगळं कारखान्यातून आलं तसं असतं. मॉडिफाय केलेली गाडी तुमच्या आवडीची असते आणि तीच आवड असलेला गिऱ्हाईक देशात चार-दोन. 11 लाखांच्या बिलांचा गठ्ठा दाखवून कोणी 11 लाख देत नाही. आणि व्हिंटेजचे 2021 चे नियम तुमच्या उपयोगाचे नाहीत, त्याला 50 वर्षं व्हावी लागतात, म्हणजे 2038, आणि इंजिन-बॉडीत मोठा बदल केलेली गाडी त्यात बसतच नाही.

याहून मोठी गोष्ट आरसीची. इंजिन 2021 ला बदललं, आरसीवर अजून जुना नंबर, आणि 2023 चं पासिंग "एजंटने करून दिलं." मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेरचा बदल चालत नाही. दुसऱ्या कंपनीचं, दुप्पट ताकदीचं इंजिन आरसीवर चढवून मिळेल असं मला दिसत नाही. आणि इन्शुरन्स? थर्ड पार्टी आहे, पण कोणाला धडक बसली आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं की कंपनी वाद घालणार, भरपाई दिलीच तर ती तुमच्याकडून वसूल करायला बघणार. पॉलिसीने तुमचे चार लाख खाल्ले, ही गोष्ट तुमचं घर खाऊ शकते.

बेंगळुरूवाला म्हणतोय गाडी आत्ता नेतो, ट्रान्सफर मागाहून करू. अजिबात नाही! आरसीवर जोपर्यंत तुमचं नाव आहे तोपर्यंत अपघाताला मालक तुम्हीच, 2018 ला सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. मालकी बदलायचे फॉर्म 29, 30 आणि राज्याबाहेर जाणार म्हणून फॉर्म 28 ची एनओसी, हे झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, आणि इंजिन नंबर जुळत नसताना यातलं काहीच सरळ होणार नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे जे वाचून मला बरं वाटलं, मूळ इसुझू इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलंय, भंगारात दिलेलं नाही. राव, तेच तुम्हाला यातून सोडवेल. ते परत बसवा, लाख-सव्वा लाख खर्च धरा, जर्मन इंजिन तुमच्याच मेकॅनिकच्या ओळखीत वेगळं विका, जवळपास तेवढेच येतील. मग आरसीशी जुळणारी, धावती काँटेसा उरते आणि तिला रिस्टोर करणारी माणसं आहेत. 6 लाख आले तर द्या. साडेआठ सोडून 6 घ्या म्हणतोय हे मला कळतंय, पण हे 6 तुमचे, त्या साडेआठवर कधी कोण दावा सांगेल ते सांगता येत नाही. टॅक्स नाही लागणार, स्वतः वापरलेली गाडी कॅपिटल ॲसेट धरत नाहीत, आणि म्हणूनच तोटाही कुठे वजा होणार नाही.

व्हर्टस जीटीबद्दल, गाडी म्हणून माझा काही आक्षेप नाही. 150 हॉर्सपॉवर कंपनीच्या वॉरंटीसकट, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार, गाडी घसरू न देणारं ईएससी, आणि तुमच्या काँटेसात आज एक एअरबॅग नाही, एबीएस नाही, तरी तुम्ही मुलीला मागे बसवता. ताकदीत तुमचं इंजिन कदाचित वरचढ असेल, थांबायला मात्र जीटी फार पुढे आहे. पण 20 हजार ईएमआय सात वर्षं, साडेचार लाख व्याज, आणि पाच वर्षांनी गाडी निम्म्या किमतीची, हे आत्ता नाही.

त्याऐवजी काँटेसाचे 6 आणि पॉलिसीचे पावणेचार, पावणेदहा झाले. पावणेदोन लाख एफडीत अडीअडचणीला, 8 लाख होम लोनमध्ये, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. 15 वर्षांचं कर्ज साधारण दहात संपतं. 60 हप्ते वाचले, 22-23 लाख, त्यातले भरलेले 8 वजा केले तरी 14-15 लाख निव्वळ फायदा.  आणि महिन्याचे पॉलिसीचे 21 आणि होणाऱ्या ईएमआयचे 20, त्यातून टर्मचे तीन गेले की 38 हजार उरतात, 18 एसआयपीत वाढवा, 20 गाडीसाठी बाजूला टाका. तीन वर्षांत साडेसात लाख होतात. तेव्हा जुनी जीटी बघू, रोखीने. तोपर्यंत बायकोची वॅगनआर आहेच.

या रविवारी एकच काम करा. गोणपाट काढून इसुझूच्या ब्लॉकवरचं ग्रीस रॉकेलने पुसा, नंबर वाचा, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा आणि मला फोटो पाठवा. जुळला तर मेकॅनिकशी बोला. नाही जुळला, म्हणजे 2014 च्या आधीच कोणीतरी इंजिन बदललंय, तर बेंगळुरूवाल्याकडून टोकन घेतलं असेल तर परत करा आणि मला लगेच लिहा, कारण मग वरचे 6 लाख धरून चालता येणार नाही.