बॅलेत तंद्री लागत नाही? सुरुवातीला एवढंच करा

बॅले शिकताना पहिल्या काही महिन्यांत तंद्री लागत नाही, म्हणजे नाचात हरवून जाता येत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७०च्या दशकात ‘फ्लो’ म्हणून मांडलेल्या या अवस्थेसाठी आव्हान आणि कौशल्य तोलाचं लागतं. नवख्यांचं घोडं बहुतेक वेळा अडतं ते पायांत नाही, लक्षात ठेवण्यात. ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न डोक्यात असेपर्यंत संगीत ऐकूच येत नाही.

म्हणून शिक्षक हालचालींचा क्रम दाखवत असताना नुसतं बघत उभं राहू नका. हातांनी खुणा करत, आठच्या मोजणीत तो पुटपुटा. बारवर (सरावासाठी धरायचा आडवा दांडा) टोकाला नको, मधे उभे राहा. बाजू बदलली तरी बघून करायला समोर कोणीतरी असतं.

नेहमीच्या चुका:
- सतत आरशात बघणं. मान वळते, तोल जातो आणि तुम्ही नाचण्याऐवजी स्वतःला तपासत बसता.
- एका वर्गात सगळ्या सुधारणा करू पाहणं. एकच निवडा, उदाहरणार्थ तांद्यूत (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं) गुडघा सरळ.
- टर्नआउटसाठी (पाय बाहेरच्या बाजूला वळवणं) पावलं जबरदस्तीनं १८० अंशांत नेणं. वळण खुब्यातून यायला हवं, नाहीतर गुडघे पिळवटतात. आणि दुखऱ्या गुडघ्यानं कसली तंद्री!
- पिरुएटची, म्हणजे एका पायावरच्या गिरकीची घाई (ती सगळ्यांनाच असते). आधी रतिरेमध्ये (एका पायाचं टोक दुसऱ्या गुडघ्याशी) चार मोजण्या तोल, मग पाव फेरी, अर्धी, मग पूर्ण.

तंद्री बहुधा आधी बारवरच्या सोप्या प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तांद्यूत लागते. तेव्हा बार चुकवून थेट सेंटरला, म्हणजे दांड्याच्या आधाराशिवायच्या सरावाला येऊ नका.