प्रीसेट राहू द्या, आधी तुम्ही नापास केलेले फोटो बाहेर काढा

तुमची पोस्ट वाचली आणि मला २०१६चा मीच दिसलो. दोन वर्षं पोर्ट्रेट काढताय, तीन प्रीसेट पॅक (एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग) विकत घेऊन झालेत, मित्र म्हणतो 'भारी आहे, पण कुणीही काढला असता', आणि आता फोटोंना स्वतःची शैली यावी म्हणून ८५ एमएमची लेन्स घेऊ की १३५ असं विचारताय. लेन्सचं शेवटी बोलतो. फोकस, एक्स्पोजर, लाइट तुम्हाला जमतंय हे टाकलेल्या चार फोटोंवरून कळतंच, त्यात जात नाही.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्टुडिओ तालुक्याच्या गावात आहे. लग्नं, साखरपुडे, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप, आणि उरलेल्या वेळात मनासारखे पोर्ट्रेट. फॅशनवाल्यांना किंवा जाहिरातीत काम करणाऱ्यांना माझं म्हणणं लागू पडेलच असं नाही.

नक्कल मीही भरपूर केली. सुरुवातीला पोर्ट्रेटसाठी प्रसिद्ध असलेल्या गौतम राजाध्यक्षांचा मऊ उजेड. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे मऊ. प्रत्यक्षात सगळे चेहरे पिठात बुडवल्यासारखे यायचे. मग इन्स्टाग्रामचे दिवस आले आणि मी नारिंगी कातडी, निळसर हिरव्या सावल्या, मागचं सगळं धूसर, या रांगेत जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक खूश होतं, त्यामुळे काही चुकतंय असं वाटायचं कारणच नव्हतं.

चूक झाली २०१७च्या पावसाळ्यात. दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क भरल्या होत्या आणि तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन डोक्यावर होता. गिऱ्हाइकांना दिलेले फायनल जेपीजी बाजूला काढले, बाकीच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेले मूळ, एडिट न केलेले फोटो) म्हणजे कचरा असं ठरवलं आणि दोन्ही डिस्क फॉरमॅट केल्या. चार हजारांची नवी डिस्क वाचवली म्हणून वर बायकोला फुशारकीही मारली. साध्या फॉरमॅटने डेटा लगेच पुसला जात नाही, नुसती यादी जाते, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं नाही तर बरंच परत मिळतं. पण मी त्याच डिस्कवर अख्खा सीझन उतरवला. (तुमची डिस्क एसएसडी, म्हणजे चिपवाली असेल तर एवढीही आशा धरू नका.)

पुढच्या उन्हाळ्यात एका फेलोशिपचा अर्ज भरायला घेतला. एकाच धाग्याचे वीस पोर्ट्रेट हवे होते. फायनल फोटो जमिनीवर मांडले, तर वीस वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसत होते. बरोबरच आहे, दर सहा महिन्यांनी प्रीसेट बदलला की दुसरं काय होणार? तेव्हा कचरा म्हणून पुसलेले ते फोटो आठवले.

मग शहरातलं एक डेटा रिकव्हरी सेंटर. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "होऊन जाईल सर." सहा हजार ॲडव्हान्स घेतला. त्यानंतर चार महिने फोन: इंजिनिअर रजेवर आहे, पार्ट यायचाय, सोमवारी नक्की. शेवटी हातात एक पेनड्राइव्ह आणि अठरा हजारांचं बिल. बिल फाइलींच्या संख्येवर! नऊ हजारांच्या आसपास फाइल होत्या आणि त्यातल्या बहुतेक १६० बाय १२० पिक्सेलच्या. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला एक चिमुकली प्रत ठेवतो ना, तेवढ्याच वाचल्या होत्या. नीट छापायच्या म्हटलं तर नखाएवढ्या होतात. मी भांडलो, तर पावतीवर बोट ठेवलं, 'डेटा रिकव्हर्ड' लिहिलंय ना? अर्जाची तारीख तोवर केव्हाच उलटून गेली होती. तुम्ही कधी कुठे डिस्क दिलीतच तर फाइल किती पिक्सेलच्या मिळणार आणि बिल कशावर लावणार, हे आधी लिहून घ्या.

त्या नऊ हजार नखांकडे मी चिडून बघत बसलो होतो. एवढ्या लहान फोटोत कातडी दिसत नाही, डोळ्यांचा शार्पनेस दिसत नाही, प्रीसेट तर लागलेलाच नसतो. फक्त माणूस कुठे उभा आहे आणि उजेड कुठून येतोय एवढंच दिसतं. आणि एकच फोटो पुन्हा पुन्हा दिसायला लागला. शूट सुरू व्हायच्या आधीचा, माणूस दाराच्या चौकटीला टेकून वाट बघतोय, अर्धं अंग उजेडात, अर्धं घरातल्या अंधारात, आणि हात फोटोत आहेत, काहीतरी करताहेत. पदराचं टोक पिळणारे, चष्मा पुसणारे, मोबाइल उगीच उलटासुलटा करणारे. तीन-चार वर्षं मी हा फोटो काढत होतो आणि दर वेळी सिलेक्शनमध्ये बाद करत होतो, कारण त्यात कुणी हसत नव्हतं.

म्हणून माझं मत असं, पटलं तर घ्या. नवीन काही शिकण्याआधी गेल्या दोन वर्षांतले तुम्ही बाद केलेले दोनशे फोटो बाहेर काढा, रंग न लावता, लहान थंबनेल करून एका स्क्रीनवर पसरा. चांगला-वाईट ठरवू नका, परत परत काय येतंय ते बघा. नंतर सहा महिने तेवढंच मुद्दाम काढा. मी दार धरलं. घर असेल तिथे दार असतंच, त्यामुळे खर्च शून्य. एक थर्मोकोलची शीट, एक बाजू पांढरी, दुसरीला काळा रंग मारलेला. पांढरी बाजू सावली भरायला, काळी ती आणखी गडद करायला. घाटावरच्या वाऱ्यात धरायला माणूस लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बामाकोला सेदू केता नावाचे फोटोग्राफर होते, १९४८मध्ये त्यांनी स्टुडिओ काढला. मागचा पडदा म्हणून त्यांनी चक्क स्वतःची नक्षीदार चादर टांगली. दोनतीन वर्षांनी पडदा बदलायचे, आणि पुढे कुठला फोटो कधीचा ते त्या पडद्यावरून सांगायचे. आज जगभर लोक त्या नक्षीवरून त्यांचा फोटो ओळखतात. चादर टांगताना 'आपली शैली' वगैरे त्यांच्या डोक्यात असेल असं मला तरी वाटत नाही. अ‍ॅव्हेडन या अमेरिकी फोटोग्राफरनेही १९७९ ते ८४ अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, भटके, वेट्रेस यांचे फोटो काढले ते पांढऱ्या कागदासमोर, सावलीत उभं करून. नाहीतर तिकडचे डोंगर-आकाश फुकटात मिळत होते की.

एक चीड आहे, ती इथेच काढतो. 'जरा उजळ करा' हे गिऱ्हाईक म्हणणारच. पण प्रीसेट ते न विचारताच करतात, सावळी कातडी एकतर राखेसारखी होते नाहीतर विटेसारखी. तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या आजीबाईंचं तेच झालंय. रागावू नका, माझ्याकडे असे शेकडो आहेत.

बाद फोटो ठेवताना आणि कुठे दाखवताना त्या माणसाला विचारा. चौकटीत टेकलेला फोटो बऱ्याच जणांना आवडत नाही, 'मी एवढा दमलेला दिसतो का?' असं विचारतात. नको म्हणाले तर नको.

आणि लेन्स. ८५ नको, १३५ तर अजिबात नको. दोन्हींत मागचं सगळं धूसर होऊन विरघळतं, आणि तुमच्या बाद फोटोंत मागेच काहीतरी असायची शक्यता जास्त आहे. जी ५० एमएमची लेन्स आहे तीच चालवा, त्या पैशांत दोन डिस्क घ्या, एक घरी ठेवा आणि दुसरी भावाकडे.