दादाच्या कागदावर खर्रा लिहिलाय का?

प्रश्न : मॅडम, माझे भासरे, म्हणजे मिस्टरांचे मोठे भाऊ, या उन्हाळ्यात गेले. वय अठ्ठावन्न. रात्री जेवून उठले, डोकं धरलं, उलटी झाली, सकाळपर्यंत सगळं संपलं. दवाखान्याच्या कागदावर 'मेंदूत रक्तस्राव' लिहून आहे. घरचे म्हणतात, वेळ भरली होती. बीपीची गोळी त्यांनी केव्हाच सोडली होती. आता चिंता मिस्टरांची. वय पन्नास, बीपी आहे, बरं वाटलं की गोळी बंद. दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-पाच खर्रे. कॉलनीत हेल्मेट घालत नाहीत. काही म्हटलं की विचारतात, "दादाच्या कागदावर खर्रा लिहिलाय का कुठं?" सगळ्याच्या मागे लागले तर रोज भांडण. सुरुवात कशापासून करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, गोळीपासून. खर्रा नंतर.

मेंदूत रक्तस्राव होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, आणि ते दुखत नाही. दुखलं असतं तर लोकांनी गोळ्या रांगा लावून घेतल्या असत्या. 'बरं वाटतंय' हा गोळीचाच परिणाम असतो, नाहीतर बीपी वाढूनही काही जाणवत नसतं. दोन्हीत गोळी बंद करायचं कारण नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजात वाढलेल्या बीपीमागे १ कोटीहून जास्त मृत्यू होते, तंबाखूमागे सुमारे ८७ लाख. मी गोळीला पहिला नंबर देते त्याचं आणखी एक कारण आहे : खर्रा सोडायला माणसाला स्वतःशी झगडावं लागतं, गोळीला सकाळच्या चहाशेजारी ठेवलेली डबी पुरते. डोस मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत काहींना चक्कर येते. तेव्हाही गोळी स्वतःहून न सोडता डॉक्टरांना दाखवायचं.

आता मिस्टरांचा प्रश्न. चिडू नका, प्रश्न चांगला आहे. मृत्यूचं कारण लिहिताना आम्ही वरच्या ओळीत शेवटी जे झालं ते लिहितो, खालच्या ओळींत ते कशामुळं झालं ते. भासऱ्यांच्या रक्तस्रावाखाली 'उच्च रक्तदाब' असायला हवा होता. ती खालची ओळ कोरी सोडायची सवय आम्हा डॉक्टरांना आहे, आणि ती वाईट आहे. खर्रा त्या कागदावर नसतो, हे खरं. पण मृत्यूची नोंद करताना जो नमुना २ भरतात, त्यात विचारलेलं असतं : बिडी-सिगारेट किती वर्षं, तंबाखू चघळणं किती वर्षं, सुपारी-पानमसाला किती वर्षं, दारू किती वर्षं. घरात रडारड चालू असताना कोण वर्षं मोजत बसतो? 'नाही' लिहून मोकळे होतात.

मॅकगिनिस आणि फेगी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९९३ मध्ये हाच हिशेब उलटा मांडला. १९९० सालच्या अमेरिकेतल्या मृत्यूंत रोगाच्या नावामागे काय होतं ते त्यांनी शोधलं. तंबाखूच्या खात्यात सुमारे ४ लाख निघाले, आहार आणि बैठ्या जगण्याच्या खात्यात ३ लाख. कागदावर तेव्हाही हृदयविकार, कॅन्सर, लकवा असंच होतं. हे मिस्टरांना वाचून दाखवा, पण जेवताना नको.

खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी. 'तंबाखू कमी टाकून घोटून दे' म्हणणारे ठेल्यावर रोज दिसतात. सुपारी एकटीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय. मिस्टरांना तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील, तिखट लागून तोंड भाजत असेल, किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर सरळ दातांच्या डॉक्टरांकडे. तंबाखू सोडवायला सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६. खर्रा खाल्ल्यावर काही वेळ बीपी चढतं, म्हणून मोजायच्या आधी अर्धा तास खर्रा नको, चहाही नको. पाच मिनिटं टेकून बसायचं, मग मोजायचं.

मिठाचं तुमच्या हातात आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा. चौघांच्या घरात किलोचा पुडा पन्नास दिवस जायला हवा. मिठाचा पुडा फोडला की त्यावर तारीख टाका. लोणचं, पापड, बाहेरची तर्री यातलं मीठ वेगळंच, त्यामुळे पुडा खरं तर आणखी टिकायला हवा.

हेल्मेटवर वाद घालू नका. किल्ली हेल्मेटमध्ये ठेवा. पट्टा लावला नाही तर पडताना ते आधी निघून जातं, एवढं एकदा सांगा.

एकदम तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा भासऱ्यांसारखं अचानक डोकं फुटेस्तोवर दुखून उलटी झाली, तर लिंबूपाणी देत बसू नका. वेळ पाहून ठेवा आणि १०८ लावा. रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

आणि तुमच्या पत्रात भासऱ्यांचं बीपी आहे, मिस्टरांचं आहे, तुमचं कुठंच नाही. या आठवड्यात मोजून घ्या. भासऱ्यांची मुलं तिशीची असतील तर त्यांचंही.